भागीचा खाडा

तूस पेटलेले दिसत नाही. भाताच्या गिरणीमागे त्याचा ढीग पडलेला असतो, वरून काळा आणि गार. आत खोलवर विस्तव आपल्या चालीने चाललेला. ज्वाळा नाही, तडतड नाही. वर फक्त एक बारीक धूर, सुतासारखा सरळ. त्याला एक गोडसर, कोंदट वास असतो, बंद पेटीतल्या कपड्यांसारखा. यंदा मार्गशीर्षात पळसदरीला आत्याकडे आलो तेव्हा आधी तो वास आला आणि मग गाव दिसले.

आत्या म्हणाली, "गिरणी चालू झाली रं. जाऊन येतोस?"

"उद्या जाईन," मी म्हणालो.

"तीन सुग्या हेच म्हणतोयस, तुझा उद्या काय उजाडत नाय," असे म्हणून ती आत गेली.

मी पोशीरचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सही करीत नव्हते. नेरळच्या शाळेतल्या गुरुजींनी बाबांना बांधावर गाठून, "पोरगा शिकेल, त्याला नांगराला जुंपू नका," असे सांगितले, म्हणून मी मुंबईच्या कॉलेजात गेलो आणि पदवीधर झालो. त्या एका वाक्याचे माझ्यावर किती उपकार आहेत, हे मला रोज वर्गात उभे राहताना जाणवते. कॉलेजात दुसरे असेच गुरू भेटले. आम्ही त्यांना नुसते सर म्हणत असू. ते अर्थशास्त्र शिकवीत. पण त्यांचे मन भांडवल आणि बाजारभावापेक्षा कारखान्यातल्या माणसात गुंतलेले असे. माणूस कामावर कसा वागतो, भराभर केव्हा करतो, हात केव्हा आखडतो, आणि का, हे शास्त्राप्रमाणे तपासता येईल असा त्यांचा विश्वास होता. ते म्हणत, "काम मोजायला माणूस उभा राहिला की काम बदलते. मग आपण मोजले ते काम, की आपलीच सावली?"

एम्.ए.च्या प्रबंधासाठी मी हाच प्रश्न घेतला. कोणी बघत नसताना काम कसे चालते ते मला बघायचे होते. बघत नसताना बघायचे, यातला विरोध तेव्हा मला खटकला नाही. सरांनी स्वतःचे स्टॉपवॉच माझ्या हातात ठेवले. लढाई संपून एक साल झाले होते, धान्यावर कंट्रोल होता, आणि कर्जतहून खोपोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पळसदरीच्या अलीकडे, ती गिरणी दिवसभर भात भरडीत होती. गिरणीचे शेट कर्जतला राहत. त्यांनी परवानगी दिली ती एका अटीवर: जे काही लिहाल त्याची एक प्रत मला द्यायची.

त्या सुगीतली पहिली सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. पळसदरीच्या तलावावरून धुके उठून रस्त्यापर्यंत आलेले. कापलेल्या भाताचे सड शेतात उभे, पांढऱ्या दवात टोकदार. धुक्यापलीकडे इंजिनाचा ठोका चालू झाला. आवाज समोरून यायला हवा होता, तो मागून आल्यासारखा वाटला. गिरणीच्या ओट्यावर धाकू मुकादम हजेरीचे पुस्तक घेऊन उभा होता. खाली भात वाहणाऱ्या बायका. तुसाची धूळ नाकातोंडात जाते म्हणून त्यांनी जुन्या लुगड्याची फडकी डोळ्यांपर्यंत गुंडाळलेली. तोंडे नव्हतीच. नुसते डोळे.

"पारू."

"हाय."

"चंद्री."

"हाय. जातेय कुठं?"

"बोलू नको. हाय तेवढंच म्हण."

नाव घेतले, 'हाय' आले, की पुस्तकात उभी रेघ. नाही आले की फुली. त्या फुलीला सगळे खाडा म्हणत. शेवटचे नाव आले, "भागी," आणि शेवटचे 'हाय' आले. ते किंचित दबलेले होते, डोक्यावर भरलेली पाटी असताना माणूस बोलतो तसे. पण पाट्या अजून कोणी उचललेल्या नव्हत्या. मी माझ्या वहीत लिहिले: कामावर हजर बारा.

दुपारी इंजिन थांबले. बायका चिंचेखाली भाकऱ्या सोडून बसल्या. सवयीने मी मोजल्या. अकरा.

"एक जण कुठे गेली?" मी विचारले.

चंद्री त्यांच्यातली सगळ्यात बोलकी. फडके खाली ओढून ती म्हणाली, "ती नाय जेवत, मास्तर."

"का?"

"उपास हाय तिचा."

"आणि उद्या?"

"उद्यापन. तिचा काय सुटत नाय आता."

सगळ्या हसल्या. पारू, त्यांच्यात वयाने मोठी, ती हसली नाही. तिने भाकरीचा एक तुकडा मोडून बाजूच्या दगडावर ठेवला. मला वाटले, कावळ्याला असेल.

गिरणीच्या आत दिवसाही संध्याकाळ असे. पत्र्याला भोके होती आणि त्यांतून उन्हाचे दांडे खाली आलेले. त्यांत धूळ तरंगायची, पडायची नाही. बायका अंगणात वाळलेल्या भाताच्या पाट्या भरीत, मागच्या दाराने आत येत, तीन पायऱ्या चढत, पाटी यंत्राच्या तोंडात रिकामी करीत आणि पुढच्या दाराने बाहेर पडत. पुन्हा अंगण, पुन्हा मागचे दार. रहाटगाडग्यासारखी ती रांग गोल फिरत राही. तिला सुरुवात नव्हती, म्हणून मीच पारूला पहिली ठरवली. पारूपासून पुन्हा पारू येईपर्यंत यंत्रात बारा पाट्या पडत. रोज बारा. आणि चिंचेखाली रोज अकरा.

मागचे दार ते यंत्राचे तोंड, एवढ्या चालीला किती वेळ लागतो हे मी टिपू लागलो. बायका घड्याळाला टिकटिक म्हणत. "मास्तर, टिकटिक हळू सोडा, आज पाय दुखतायत," असे चंद्री जाता जाता ओरडे. सरांचे म्हणणे चार दिवसांत खरे ठरले. मी दाराशी उभा असलो की पाट्या झपाझप येत. पोत्यांच्या थप्पीआड बसून फटीतून बघितले की चाल सैलावे, कोणी कमरेवर हात ठेवी, कोणी पायरीवर क्षणभर टेके. अकरा रकाने माझ्या असण्यानसण्याने खालीवर होत होते.

बारावा होत नव्हता.

मी दाराशी असो की थप्पीआड, सकाळ असो की दिवस कलतानाची वेळ, शेवटच्या पाटीला काटा त्याच एका रेघेवर थांबे. घड्याळ अडकते की काय म्हणून मी ते कानाशी धरून ऐकले. नीट चालले होते. माणसाची चाल थकते, उन्हाने मंदावते, कोणी बघितले की लाजते. ही चाल कशानेच हलत नव्हती. न बघितलेले काम शोधायला मी आलो होतो आणि ते बाराव्या रकान्यात सापडले होते. तरी मला आनंद झाला नाही. मी वही मिटली.

मग एका दुपारी मी मागच्या दाराकडे तोंड करून थप्पीआड बसलो. दाराबाहेर भिंतीला टेकून एक भरलेली पाटी एकटीच ठेवलेली होती. जवळ कोणी नव्हते. एवढ्यात चंद्री आपली पाटी रिकामी करून आली, तिच्या हिरव्या बांगड्यांवरून मी ओळखली; पण ती पुढच्या दाराने बाहेर गेली नाही. पोत्यांमागच्या बोळातून मागे आली, ती एकटी पाटी तिने डोक्यावर घेतली आणि चालू लागली.

चंद्री उडत चालणारी बाई. ती पाटी डोक्यावर आल्याबरोबर तिची चाल बदलली. पाठ ताठ झाली, मान एका बाजूला गेली, आणि डावा पाय जमिनीवर किंचित घासू लागला. घस्, टप्. घस्, टप्. माझ्या अंगठ्याने घड्याळाची कळ आपोआप दाबली. काटा त्याच रेघेवर थांबला.

पुढच्या फेरीला ती पाटी दुसऱ्याच बाईने उचलली. घस्, टप्. तीच रेघ.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पारू तुसाच्या ढिगाकडे राख घ्यायला गेली, तेव्हा मी तिच्यामागे गेलो. "पारूबाई, भागी कोण?" मी विचारले.

तिने माझ्या हातातल्या घड्याळाकडे बघितले. मग म्हणाली, "समजलं ना तुमाला?"

"तुम्ही सांगा."

"श्रावणात गेली ती. हिवताप झाला. वीस सुग्या आमच्याबरोबर वाहिल्या तिनं, एक दिस तिचा खाडा नाय. पोर झालं तेव्हा नाय, नवरा गेला तेव्हा नाय. पाय आधू होता डावा, तरी नाय." ती खाली बसून काठीने राख बाजूला करू लागली. आत लाल दिसले. "कार्तिकात शेटनं धाकूला विचारलं, गेल्या सालच्याच बाया ना? धाकू म्हणाला, त्याच. मग नाव राहिलं."

"आणि तिचे काम?"

"पाळी लावलीय. फेरीफेरीला एकीची. तिची सासू हाय, डोळ्यानं दिसत नाय तिला. शनवारी भागीची मजुरी तिच्या पदरात घालतो. तिला सांगितलंय, भागी गिरणीवरच राहते म्हणून."

"पण चाल? सगळ्यांची चाल तशी का होते?"

काठीने राख पुन्हा विस्तवावर ओढत पारू म्हणाली, "तिची पाटी घेतली की पाय तिचे पडतात. आमी नाय टाकत."

मी विचारले, "आणि हजेरीला 'हाय' कोण म्हणते?"

"ज्याची पाळी, तो," ती म्हणाली आणि उठली. दोन पावले जाऊन वळली. "मास्तर, तुमी शिकलेले. अकरांनी बाराचं ओढलं हे शेटला कळलं, तर भागी तर जाईलच. पुढल्या साली धाच जणी ठेवतील. कागदावर काय लिवायचं ते बघून लिवा."

पळसदरीच्या तलावाकाठी मी त्या आठवड्यात पुष्कळ फिरलो. खोटे लिहायचे नाही, हे मला शाळेने शिकवले होते. आणि ज्या माणसांच्या घामावर आपण शिकतो त्यांचे वाईट करायचे नाही, हे बाबांना बघून मी शिकलो होतो. मला वाटले, दोन्ही साधता येईल. मी लिहिले: कामावर बारा. हजेरीच्या पुस्तकात तेच होते. भागीचे नाव नाही, पाळीचा उल्लेख नाही. पण वेळेचे रकाने मी जसेच्या तसे उतरवले, बाराही. एक आकडा इकडचा तिकडे केला नाही. मला स्वतःचे कौतुकही वाटले असेल. पौषात एक प्रत सरांना दिली, एक कर्जतला शेटकडे पोचवली.

सर शेवटचा रकाना बघून खुर्चीतून उठले. "ही बारावी बाई! बघणाऱ्याची सावली हिच्यावर पडतच नाही. अहो, मला हिला भेटायचे आहे." मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्यांच्या खोलीत पंखा नव्हता, थंडीचे दिवस होते, तरी टेबलावरचे कागद हलले.

शेटने तोच रकाना वाचला आणि त्यांना दुसरेच दिसले. बारावी बाई सगळ्यांत हळू होती.

हे मला माघात कळले. शेटचे पत्र आले: गिरणीचे काम अचानक मंदावले आहे, तुमचे घड्याळ घेऊन या आणि कारण शोधा. मी गेलो. ओट्यावर धाकू मुकादम पुस्तक मांडीवर घेऊन बसला होता. त्याने मला बसायला सांगितले नाही.

"तुमच्या कागदावरनं शेटनं बारावी बाई काढली," तो म्हणाला. "म्हणाले, शेवटचं नाव खोड. मी खोडलं. शनवारी तिच्या म्हाताऱ्या सासूकडं रिकाम्या हातानं गेलो. तिनं विचारलं, आज भागीचा खाडा पडला का रं धाकू? काय सांगू तिला? म्हटलं, पडला."

वीस सुग्यांत पडला नव्हता, तो खाडा माझ्या हस्ताक्षराने पडला होता. मी माणूस लपवला होता आणि तिची चाल उघड्यावर ठेवली होती.

मी आत गेलो. तेच उन्हाचे दांडे, तीच तरंगती धूळ. मागच्या दाराबाहेर ती एकटी पाटी नव्हती. बायका आत येत होत्या, अकरा, आणि मला पाहून एकही झपाझप चालली नाही. आधी मला वाटले, यंत्राच्या पट्ट्यात काही अडकले आहे. मग कळले तो कसला आवाज. घस्, टप्. घस्, टप्. अकराही जणींचे डावे पाय जमिनीवर घासत होते. अकराही माना एका बाजूला. मी दाराशी उभा राहिलो, थप्पीआड बसलो, पुन्हा दाराशी आलो. काटा प्रत्येक पाटीला त्याच एका रेघेवर थांबत राहिला.

पारू माझ्या अंगावरून गेली. फडक्यावरचे तिचे डोळे मला ओळखत नव्हते. "चंद्री," मी हाक मारली. जिच्याशी मी बोललो तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, पण ती माझ्याकडे न बघता चालत राहिली. थट्टा नाही, टिकटिक नाही. त्यांनी हे ठरवून केले असेल. कामगार असे ठरवतात, हात आखडतात, हे मी आता मुलांना शिकवतोही. पण ठरवून अकरा माणसे एक चाल चालतील आणि दिवसभर घड्याळाची एक रेघही चुकणार नाही, हे मला शिकवता येत नाही. ते मी वर्गात सांगत नाही.

त्या दुपारी मी कर्जतला शेटच्या पेढीवर गेलो.

"कारण सापडलं?" त्यांनी विचारले.

"एक माणूस कमी आहे."

"अकराच्या अकरा रोज हजर असतात. धाकूचं पुस्तक बघितलंय मी."

"म्हणूनच. ते काम बारा जणींचे आहे. बारावी नसेल तर ते असेच चालेल. मी पाहिजे तर लिहून देतो."

"पण ती हळू होती ना? तुम्हीच लिहिलंत."

"तिची चाल खरी होती, शेट. बाकीच्या माझ्यासाठी धावत होत्या. मी चुकीचे वाचायला दिले."

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले, बहुधा तापबीप आहे का म्हणून. मग त्यांना भाताच्या न भरडलेल्या थप्प्या आठवल्या असाव्यात. "बरं. धाकूला सांगा, घे एक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यापाशी मुद्दाम पुढे उभा राहिलो. धुके होते, पण बायका माझ्यापासून चार हातांवर होत्या. अकरा फडकी, अकरा डोळ्यांच्या जोड्या. धाकूने अकरा नावे घेतली. मग पुस्तकावरून मान वर न करता म्हणाला, "भागी."

मी अकराही फडक्यांकडे बघत होतो. बोलताना कापड हलते. तेवढे तरी हलायला हवे होते. एकही हलले नाही.

"हाय."

धाकूने उभी रेघ मारली. इंजिन सुरू झाले. रांग फिरू लागली आणि चंद्री माझ्या अंगावरून उडत उडत गेली. "मास्तर, टिकटिक विसरलात काय?" घड्याळ माझ्या खिशात होते. मी ते बाहेर काढले नाही. तो प्रबंध मी मागे घेतला आणि दुसऱ्या विषयावर पदवी मिळवली. सरांनी कारण विचारले नाही, आणि तेही माझ्यावरचे त्यांचे एक ऋण आहे.

आता मी स्वतः हजेरी घेतो. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुले बाकांवर बसलेली असतात, मी नावे वाचतो आणि एखादे नाव वाचल्यावर शांतता पडते. माझी लेखणी फुलीवर येऊन थांबते. मी चष्मा पुसत 'हाय'ची वाट बघतो; मुलांना वाटते, सर चष्माच पुसताहेत.

आज सकाळी मी आत्याला न सांगता बाहेर पडलो. तलावावर धुके होते. सडांवर दव होते. इंजिन अजून सुरू व्हायचे होते, पण वास होता. कुंपणापर्यंत गेलो आणि आत जायचा धीर झाला नाही. रस्त्यावरच, भिंतीच्या अलीकडे उभा राहिलो. आतून धाकू मुकादमाचा आवाज आला. थकलेला वाटला. पारू, हाय. चंद्री, हाय, म्हातारी झाले तरी हाय. मी बोटांवर मोजत होतो. अकरा झाली. 

"भागी."

नाव अजून पुस्तकात होते; म्हणजे भागीची सासू अजून होती, आणि तिचे शनिवारही होते. पण आत कोणी बोलले नाही.

मी वाट बघितली. धाकूही वाट बघत असावा. लेखणी कागदावर टेकवून तो थांबला असेल, हे मला भिंतीतून दिसले. एखाद्या नावाला पुरावी एवढी शांतता पडली, मग दोन नावांना पुरावी एवढी. चिंचेवरचे कावळेसुद्धा गप्प होते. अकरा जणी माझ्याकडे बघताहेत असे मला भिंतीच्या या बाजूला स्पष्ट कळले. डोक्यावर काहीतरी जड आल्यासारखी माझी मान एका बाजूला गेली.

"हाय," मी म्हणालो.

आत लेखणी खाली आली असावी, कारण लगेच इंजिनाचा पहिला ठोका पडला. त्याच्यावरून चंद्रीचा आवाज आला, "आज कोण बोललं गं?"

आणि पारूचा, पाटी उचलताना येतो तसा, किंचित दबलेला:

"ज्याची पाळी, तो."